बोटाखालची काच, बोटाखालचे बटण

प्रस्तावना

व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या मनातला हेतू पडद्यापर्यंत पोचतो तो हातावाटे. उडी मारायची असो, नेम धरायचा असो की गाडी वळवायची असो, मनात आलेली प्रत्येक गोष्ट बोटांच्या हालचालीत उतरावी लागते आणि ती हालचाल यंत्राला मोजता यावी लागते. हे मोजण्याचे दोन मार्ग आज जगभर रूढ आहेत. एका मार्गात खेळाडूच्या हातात एक वस्तू असते: बटणे, दांड्या आणि ट्रिगर असलेला कंट्रोलर. दुसऱ्या मार्गात समोर नुसती काच असते. चित्र जिथे दिसते तिथेच बोट टेकवायचे. दोन्ही मार्गांनी कोट्यवधी लोक रोज खेळतात आणि यांतला चांगला कोणता, यावर खेळाडूंमध्ये हिरिरीने वाद होतात. हे पुस्तक त्या वादाच्या मुळाशी जाते. कोणता खेळ सुचेल, तो किती वेगाने चालेल, त्यात कौशल्य कशाला म्हणायचे आणि तो कोणाला खेळता येईल, हे सारे नियंत्रणाच्या साधनावरून ठरत आले आहे, ही त्याची मूळ भूमिका आहे.

बटणांच्या मार्गाचा इतिहास खेळांइतकाच जुना आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ‘टेनिस फॉर टू’ हा खेळ पाहुण्यांसाठी मांडला. दोन्ही खेळाडूंच्या हातात एकेक छोटी पेटी होती. तिच्यावरची खुंटी फिरवून फटक्याचा कोन ठरायचा आणि बटण दाबले की फटका बसायचा. चार वर्षांनी एमआयटीतल्या तरुणांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ तयार केला. सुरुवातीला तो संगणकाच्याच पॅनेलवरच्या स्विचांनी खेळावा लागे. थोड्याच वेळात कोपरे दुखू लागत आणि पडद्यासमोर दोघांना नीट बसताही येत नसे. म्हणून ॲलन कोटोक आणि बॉब साँडर्स यांनी हातात धरता येतील अशा वेगळ्या पेट्या बनवल्या. शरीराची अडचण आणि तिच्यावर शोधलेला उपाय, हा क्रम पुढे प्रत्येक टप्प्यावर दिसतो.

१९७२ साली मॅग्नावॉक्स ओडिसी आणि अटारीचा ‘पाँग’ आले. ‘पाँग’मध्ये बॅट एकाच रेषेत वरखाली सरकत असल्याने एक फिरती खुंटी पुरत होती. चारी दिशांना पळणारे खेळ आले तेव्हा उभी दांडी लागली. अटारीच्या घरगुती यंत्राची एक दांडी आणि एक लाल बटण ही जोडी त्या काळाची ओळखच झाली. मात्र उभी दांडी खिशात मावत नाही. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ सालच्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी अधिक चिन्हाच्या आकाराचे सपाट बटण वापरले आणि दिशा दाखवण्याचे काम अख्ख्या मनगटाकडून एकट्या अंगठ्याकडे गेले. १९८३ साली निन्टेन्डोच्याच फॅमिकॉम या घरगुती यंत्राच्या कंट्रोलरवर डावीकडे हे अधिक चिन्ह आणि उजवीकडे दोन बटणे आली. डाव्या अंगठ्याने चालायचे आणि उजव्याने कृती करायची, ही विभागणी तेव्हापासून आजवर टिकली आहे.

भारतात ही रचना घराघरांत पोचली ती १९९०च्या दशकात, फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांमधून. टीव्हीला जोडायचे यंत्र, वरून खोचायची कॅसेट, वायरने बांधलेले दोन कंट्रोलर आणि त्यांवर ‘मारिओ’ किंवा ‘काँट्रा’ खेळणारी दोन मुले हे दृश्य महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सर्रास दिसे. इकडे असे चाललेले असताना मूळ साधन पुढे सरकत होते. १९९० सालच्या सुपर फॅमिकॉमने तर्जनीसाठी खांद्यावरची बटणे दिली. १९९६ साली निन्टेन्डो ६४ बरोबर ॲनालॉग दांडी आली. ती किती कलली यावर पात्र हळू चालेल की धावेल हे ठरू लागले. १९९७ सालच्या सोनीच्या ड्युअलशॉकने दोन दांड्या आणि हाताला जाणवणारा कंप एकत्र केला. २००१ साली एक्सबॉक्सवरच्या ‘हेलो’ने एका दांडीने चालायचे आणि दुसरीने पाहायचे ही पद्धत लोकांच्या हाताला बसवली. त्यानंतर कंट्रोलरच्या मूळ मांडणीत फारसा बदल झालेला नाही.

काचेचा मार्ग खेळांसाठी जन्मलाच नव्हता. १९६५ साली इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली ती विमान वाहतुकीच्या नियंत्रणासाठी. १९७०च्या दशकात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी असा पडदा घडवला तो कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी. दोन्हीकडे निकड सारखी होती. शेकडो स्विच मांडायला जागा नव्हती, म्हणून कामाप्रमाणे बदलणारी बटणे हवी होती. काचेचे मोठे बळ यातच आहे. धातूचे किंवा प्लास्टिकचे बटण एकदा बसवले की तिथेच राहते. काचेवरचे बटण हवे तेव्हा उमटते, हवे तिथे सरकते आणि नको तेव्हा नाहीसे होते.

खेळांमध्ये हे बळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले ते २००४ सालच्या निन्टेन्डो डीएसमध्ये. त्याचा खालचा पडदा दाब ओळखणारा होता आणि तो छोट्या कांडीने चालवायचा असे. बटणेही सोबत होतीच. त्या काळात मोबाइलवरचे खेळ आकड्यांच्या कळांवर चालत. नोकियावरचा साप वळवायला अंगठा २, ४, ६ आणि ८ यांवरून फिरत असे. २००७ साली आयफोनने कळा काढून टाकल्या आणि एकाच वेळी अनेक बोटे ओळखणारी काच पुढे केली. २००८ साली ॲप स्टोअर सुरू झाले, अँड्रॉइडचे फोन आले आणि काही वर्षांतच जगातले सर्वांत जास्त हातांत असलेले खेळाचे साधन बिनबटणांचे झाले.

या नव्या साधनासाठी खेळ कसे घडवायचे याची तीन ठळक घराणी तयार झाली. पहिल्या घराण्याने कंट्रोलरच काचेवर चितारला: डावीकडे गोल आभासी दांडी, उजवीकडे बटणांचा पुंजका. जुने खेळ फोनवर आणण्याची ती सर्वांत सोपी वाट होती आणि सुरुवातीला सर्वांत जास्त तक्रारीही तिच्याबद्दलच झाल्या. दुसऱ्या घराण्याने बटणे विसरून बोटालाच खेळ मानले. २००९ सालच्या ‘अँग्री बर्ड्‌स’मध्ये गलोल ताणायची तर बोट मागे ओढायचे, २०१० सालच्या ‘फ्रूट निन्जा’मध्ये बोट हीच तलवार. इथे शिकवण्यासारखे काही उरतच नाही, कारण पाहणे आणि करणे एकाच जागी घडते. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ साली आला तोही याच वाटेने. फाशाला बोट लावले की फासा पडतो, सोंगटीला बोट लावले की सोंगटी सरकते. त्यामुळे २०२०च्या टाळेबंदीत आजी आणि नातू वेगवेगळ्या गावांतून एकाच पटावर बसू शकले. कंट्रोलर हातात दिला असता तर अनेक घरांत हा डाव सुरूच झाला नसता.

तिसऱ्या घराण्याने कामाचा वाटा यंत्राकडे सोपवला. ‘टेंपल रन’ आणि ‘सबवे सर्फर्स’मध्ये पात्र आपोआप धावते, खेळाडूने वळायचे, उडी मारायची आणि वाकायचे, तेही बोट त्या त्या दिशेला ओढून. बटणांसाठी घडलेला मारिओसुद्धा २०१६ सालच्या ‘सुपर मारिओ रन’मध्ये स्वतःच पळू लागला आणि खेळाडूकडे टिचकीने उडी मारण्याचे काम उरले. यात खेळाचे सारे मर्म उडीच्या नेमक्या क्षणावर येऊन ठेपते, आणि लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तो खेळता येतो. तिन्ही घराण्यांच्या मर्यादा आणि त्यांची फळे निरनिराळी असल्याने ‘टच’ हा एकच प्रकार समजून त्याची तुलना करणे फसवे ठरते.

दोन साधनांतला मूळ फरक समजायला त्यांच्या आत डोकवावे लागते. बहुतेक कंट्रोलरच्या बटणाखाली रबराची छोटी घुमटी असते आणि तिच्या पोटात कार्बनची टिकली. बटण दाबले की घुमटी खचते, टिकली खालच्या पट्टीला टेकते आणि वीजमंडल पूर्ण होते. घुमटी खचते तो क्षण बोटाला कळतो. सोडल्यावर ती बटण वर ढकलते, तेही कळते. ॲनालॉग दांडी स्प्रिंगमुळे मध्यावर परत येते आणि जितकी लांब ढकलावी तितका विरोध करते. बोटांच्या टोकांशी कडा, दाब आणि कंप ओळखणाऱ्या संवेदी पेशींची दाटी असते. त्यामुळे कंट्रोलर धरलेल्या हाताला आपण कुठे आहोत हे न पाहताच समजते आणि डोळे खेळाकडे मोकळे राहतात.

काचेच्या मागे पारदर्शक वाहकांची बारीक जाळी असते. बोट टेकले की त्या जागेची विद्युतधारकता बदलते आणि हा बदल कुठे झाला ते मोजून फोन बोटाची जागा ठरवतो. यात काहीच खचत नाही, काहीच परत वर येत नाही. चितारलेल्या बटणाच्या कडेवरून बोट घसरले तरी हाताला त्याचा पत्ता लागत नाही. डोळ्यांनाच पाहावे लागते. शिवाय ज्या पडद्यावर शत्रू दिसायचा त्याचा कोपरा स्वतःच्याच अंगठ्याखाली झाकला जातो. फोनचा कंप काही प्रमाणात दाबल्याची खूण देतो, पण ती दाबल्यानंतरची असते. दाबण्याआधी बटण चाचपडून शोधण्याची सोय त्यातून मिळत नाही.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो लढतीच्या खेळांत. ‘स्ट्रीट फायटर’मधला हाडोकेन मारायचा तर खाली, मग तिरपे खाली-पुढे, मग पुढे, आणि लगेच ठोसा, एवढे सारे निमिषार्धात करावे लागते. अधिक चिन्हाच्या बटणावर अंगठा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लोळतो आणि कडांच्या आधाराने ही पाव वर्तुळाची वाट चुकत नाही. गुळगुळीत काचेवर अंगठ्याला आधार नसल्याने तो दर वेळी थोडा सरकतो; तीच वाट चार वेळा काढली तर चार जागी निघते. खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल तर एका चित्राचे आयुष्य सुमारे १७ मिलिसेकंद असते आणि अशा खेळांत काही चित्रांच्या उशिरानेही डाव हातचा जातो.

तरीही काचेवर उच्च प्रतीचे कौशल्य घडतच नाही, हा समज भारतातल्याच खेळाडूंनी खोटा ठरवला आहे. २०१६ नंतर ४जी डेटा स्वस्त झाला, फोन घरोघरी होतेच, आणि २०१८ साली ‘पबजी मोबाइल’ आला. २०२० साली त्यावर बंदी आली आणि २०२१ साली तो ‘बीजीएमआय’ या रूपात परतला. या खेळात चालणे डाव्या अंगठ्याकडे असते, तर पाहणे, नेम धरणे, गोळी झाडणे आणि उडी मारणे उजव्या अंगठ्याकडे. एकट्या अंगठ्याला ही सारी कामे एकाच वेळी करता येत नाहीत. त्यावर खेळाडूंनी ‘क्लॉ’ ही पकड शोधली. फोन तळव्यांवर आणि करंगळ्यांवर तोलायचा, तर्जन्या वाकवून काचेच्या वरच्या कडेवर आणायच्या आणि गोळी, स्कोप, उडी ही बटणे त्यांच्याखाली सरकवायची. मोकळे झालेले अंगठे मग चालण्याला आणि पाहण्याला लागतात. कंट्रोलरच्या खांद्यावरची बटणे जे काम तीन दशके करत आली, तेच इथे बोटांनी काचेवर नव्याने उभे केले.

या पकडीभोवती एक पूर्ण विद्या तयार झाली आहे. बटणांची मांडणी प्रत्येक जण आपल्या हाताच्या मापाने बदलतो. लेआउट आणि सेन्सिटिव्हिटीचे कोड मित्रांमध्ये फिरतात. बारीक नेमासाठी फोनचा कल ओळखणारा जायरो चालू करून फोनच किंचित कलवला जातो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने बोट काचेला चिकटते, म्हणून कोणी पावडर लावतो, कोणी वीजवाहक धाग्यांची फिंगर स्लीव्ह चढवतो. अंगठ्यावरून थेट चार बोटांवर जाणाऱ्या खेळाडूचा खेळ आधी बिघडतो आणि मग सुधारतो, कारण जुनी सवय मोडून नवी बसवावी लागते. हे सारे संगीताच्या रियाजाइतकेच चिकाटीचे काम आहे आणि त्याची दखल तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

साधनाची निवड पैशाशीही बांधलेली असते. चांगल्या कंपनीच्या एका कंट्रोलरला काही हजार रुपये पडतात आणि तो चालवायला कन्सोल किंवा संगणक वेगळा लागतो. फोन मात्र घरात आधीच असतो. भारतातली खेळाडूंची एक अख्खी पिढी काचेवर घडली यामागचे मोठे कारण हे आहे. दुसऱ्या बाजूला कंट्रोलरही अमर नसतो: दांडीतले सरकते संपर्क झिजले की हात न लावताही पात्र एका बाजूला ओढले जाते, आणि या दोषावर चुंबकीय संवेदक असलेल्या दांड्या हा उपाय पुढे आला आहे. काचेला झीज कमी, पण ती तापते, आणि हातात न बसणाऱ्या पातळ फोनवर तासन् तास आवळलेली बोटे दुखू लागतात.

आता दोन मार्ग एकमेकांत मिसळू लागले आहेत. २०१७ सालच्या निन्टेन्डो स्विचमध्ये स्पर्शाचा पडदा आणि काढघाल करता येणारे कंट्रोलर दोन्ही आहेत. फोनला दोन्ही बाजूंनी धरणारे कंट्रोलर मिळतात. २०२० सालचा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ फोनवर, संगणकावर आणि प्लेस्टेशनवर एकाच जगासह उघडला. यातून न्यायाचा प्रश्न उभा राहिला: काच, कंट्रोलर, कीबोर्ड आणि माऊस हाती असलेल्यांना एकाच मैदानात उतरवायचे का? ‘पबजी मोबाइल’ने संगणकावरून एम्युलेटरने खेळणाऱ्यांची गाठ त्यांच्यासारख्यांशीच घातली. इतर काही खेळ काच किंवा दांडी वापरणाऱ्याच्या नेमाला यंत्राची थोडी मदत देतात. ती किती असावी यावर एकमत नाही, कारण मदत म्हणजे एका साधनाची उणीव भरून काढणे की दुसऱ्या साधनावर अन्याय करणे, हे खेळानुसार बदलते.

सर्वांत मोलाचा बदल मात्र ज्यांना रूढ साधने वापरताच येत नव्हती त्यांच्यासाठी झाला. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्यावर दोन मोठी बटणे आणि मागे अनेक सॉकेट असतात. त्यांत पायाने, कोपराने किंवा हनुवटीने चालणारे स्विच जोडता येतात. २०२३ साली सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर आला. काचेनेही काहींना दार उघडले आहे: ज्याच्या बोटांत बटण दाबायचे बळ नाही त्याला नुसता स्पर्श जमू शकतो, आणि बटणे मोठी करून हव्या त्या कोपऱ्यात नेता येतात. मात्र दृष्टिहीन खेळाडूला हाताला लागणारी कडा मोठा आधार देते आणि सपाट काच तो काढून घेते. एकाची सोय दुसऱ्याची अडचण ठरू शकते, म्हणून साधन बदलण्याची मुभा प्रत्येक खेळात असणे ही किमान अपेक्षा मानली पाहिजे.

हा विषय आज मराठीत येण्याला सबळ कारणे आहेत. महाराष्ट्र आता खेळ खेळतो तसे घडवतोही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे कंट्रोलरच्या जगात. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२४ साली फोनवर आला, म्हणजे काचेच्या जगात. एकाच शहरातल्या दोन चमूंनी हाताबद्दलचे दोन वेगळे निर्णय घेतले आणि त्यांतून दोन वेगळ्या प्रकारचे खेळ उभे राहिले. हांगचौ इथे २०२३ साली झालेल्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्‌सला पदके होती. तिथे ‘स्ट्रीट फायटर ५’सारखा बटणांचा आणि ‘अरीना ऑफ व्हॅलर’सारखा काचेवरचा खेळ एकाच स्पर्धेत मानाने बसले. खेळाडू, त्यांचे पालक, प्रशिक्षक आणि गेम डिझाइन शिकणारे विद्यार्थी यांना या प्रश्नावर आपल्या भाषेत नीट विचार करता यावा, याची गरज त्यामुळे वाढली आहे.

पुस्तकाचा प्रयत्न म्हणूनच निकाल देण्याचा नाही. कोणत्या खेळाला हातांकडून काय हवे आणि कोणते साधन ते देते, हे ओळखण्याची नजर वाचकाला मिळावी, हा त्याचा हेतू आहे. त्यासाठी इतिहास, यंत्राची रचना, हाताचे शरीरशास्त्र, खेळांची घडण आणि सुलभता या पाच बाजू एकमेकींशी जोडून पाहिल्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष खेळांचे दाखले घेतले आहेत. कीबोर्ड-माऊस आणि हालचाल ओळखणारी साधने तुलनेपुरतीच येतात. त्यांचा विस्तार स्वतंत्र ग्रंथाचा आहे. तांत्रिक संज्ञा खेळाडूंच्या बोलण्यात आहेत तशाच ठेवल्या आहेत. वाचकाने हातातला फोन किंवा कंट्रोलर जवळ ठेवून, जिथे एखाद्या पकडीचे किंवा बटणाचे वर्णन येईल तिथे ते करून पाहत वाचावे. नियंत्रणाचा अभ्यास अखेर हातानेच पुरा होतो.